लोहारशाळेची पाटी

माझें गांव सुपा, असें मीं सांगितलें कीं पुण्याकडचा कोणीहि सुशिक्षित मनुष्य हटकून विचारतो, "म्हणजे शहाजीराजांच्या जहागिरींतलें का?" गेलीं तीस वर्षें मी या प्रश्नाला नकारार्थी उत्तर देत आलों आहें. जहागिरीचें सुपें तें बारामतीच्या अंगाला; आमचें सुपा पारनेर तालुक्यांत, पुण्याहून नगरास जाणाऱ्या सडकेवर. त्या सुप्याला इतिहास आहे, आमच्या सुप्याला सडक आहे. आतां त्या सडकेच्या बाजूला मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली आहे, जपानी उद्योगांसाठीं म्हणून वेगळी जमीन राखलेली आहे, आणि तालुक्यांतल्या डोंगरमाथ्यावर पवनचक्क्यांचीं पातीं फिरत असतात. आपल्या गांवाला इतिहास नाहीं याची गांवकऱ्यांनीं कधीं खंत केल्याचें मला आठवत नाहीं. म्हणूनच गेल्या उन्हाळ्यांत गांवाहून फोन आला आणि "आपला वारसा जतन करायचा ठरलाय" असें पलीकडून सांगण्यांत आलें, तेव्हां मला थोडें हंसूंच आलें.

"कसला वारसा?" मीं विचारलें.

"लोहारशाळा, सर. पडली होती ना, ती पुन्हां उभी करतोय. पाटीवरचा मजकूर तुम्हीं लिहून द्यायचा. पांच-सहा ओळी. चांगल्या मराठींत."

जन्मभर इंग्रजी शिकविणाऱ्या माणसाकडून चांगल्या मराठीची अपेक्षा करणें हें धाडसाचें काम आहे. तथापि मीं लगेच होकार दिला. तीस वर्षें दुसऱ्यांच्या कविता मुलांना समजावून सांगितल्यावर स्वतःच्या पांच ओळी दगडावर कोरल्या जाण्याचा मोह कोणाला आवरेल? त्या पांच ओळी लिहावयास मला चार महिने लागले, आणि शेवटीं ज्या लिहिल्या गेल्या त्या माझ्या नाहींत. हें कसें झालें तेंच येथें सांगावयाचें आहे.

लोहारशाळा हा शब्द जितका मोठा तितकी ती जागा लहान होती. वेशीबाहेर एका जुनाट लिंबाखालीं दगडमातीच्या तीन भिंती, वर पांढऱ्या मातीचें धाबें, आणि चौथ्या बाजूला पुढें झुकलेली ठेंगणी पडवी. गवताचें छप्पर लोहाराला चालत नाहीं. एक ठिणगी सगळें घालवील. आंत शिरावयाचें तर मोठ्या माणसाला वांकावें लागे. उन्हांतून गेल्यावर प्रथम कांहींच दिसत नसे. मग हळूहळू जमिनींतच खणलेली भट्टी दिसे, तिच्यामागचा मातीचा आडोसा, आडोशापलीकडे कातड्याचा भाता, बाभळीच्या ओंडक्यांत रोवलेली, जमिनीपासून जेमतेम वीतभर वर आलेली ऐरण, आणि बाजूला पाण्याची दगडी डोण. भिंतीला सांडशा, छिन्न्या, कानशी टांगलेल्या असत. या सर्वांच्या मधोमध लोहारबाबा बसलेले असत. आमच्याकडचा लोहार बसून काम करतो. घण मारणारा तेवढा उभा.

भाता ओढण्याचें काम त्यांच्या बायकोचें. आम्ही मुलें तिला लोहारआजी म्हणत असूं. तिला उठून घरांत जावयाचें झालें कीं ती भात्याची दोरी माझ्या हातांत देई, आणि तो माझ्या सुटीच्या दिवसांतला परमानंदाचा क्षण असे. भाता भरतांना एक लांब सुस्कारा, रिता होतांना दुसरा; त्या सुस्काऱ्यासरशी बाभळीच्या कोळशाचा काळा ढीग आंतून तांबडा होत जाई. मी उत्साहानें भराभर ओढूं लागलों म्हणजे लोहारबाबा मान न उचलतांच म्हणत, "हळू. लोखंडाला धाप लागंल."

त्या अंधाराचें कारण मला पुष्कळ वर्षांनीं कळलें. लहानपणीं वाटे कीं गरिबीमुळें खिडकी ठेवली नसेल. खरी गोष्ट अशी कीं लोहाराचें सारें ज्ञान डोळ्यांत असतें आणि त्या डोळ्याला अंधार लागतो. अंधारांत लोखंड सुमारें सव्वापांचशें अंशांवर मंद तांबडें दिसूं लागतें. भर उन्हांत त्याहून कितीतरी अधिक तापलेलें लोखंडहि काळेंच भासतें. खिडकी म्हणजे लोहाराच्या डोळ्यांवरची पट्टी. खुरप्याला पाणी द्यावयाचें असलें कीं लोहारबाबा तें चांगलें लाल करीत, धारेपुरतेंच डोणींत बुडवीत, बाहेर काढून विटेच्या तुकड्यानें घासून लख्ख करीत आणि मग कांहीं न करतां नुसते पाहत बसत. पाठीकडची ऊब धारेकडे सरकूं लागे. घासलेल्या पोलादावर प्रथम वाळल्या गवतासारखा पिवळा रंग येई, मग तपकिरी, मग जांभळा, आणि थांबलें नाहीं तर निळा. पिवळा रंग सुमारें सव्वादोनशें अंशांचा आणि निळा सुमारें तीनशेंचा, हें मीं नंतर पुस्तकांत वाचलें. पिवळ्यावर बुडविलें तर धार कडक पण ठिसूळ. निळ्यावर बुडविलें तर चिवट पण मऊ. या दोहोंच्या मधला, ज्या कामाला जो हवा तो, क्षण त्यांना पकडावयाचा असे, आणि तो क्षण पांच श्वासांहून मोठा नसे. "चर्र" असा आवाज झाला, वाफ निघाली, कीं ते पहिल्यानें बोलत. तोंवर कोणीं बोलूं नये असा अलिखित नियम होता.

सर्वांत मोठा सोहळा बैलगाडीच्या चाकाला धांव चढविण्याचा. चाक सुताराचें, धांव लोहाराची, आणि बघे साऱ्या गांवचे. लोहारबाबा चाकाचा घेर दोरीनें मापीत आणि लोखंडी पट्टीचें कडें त्याहून बोटभर आंखूड करीत. मुद्दाम चुकविल्यासारखें तें माप पाहून मला नवल वाटे. मग तें कडें मैदानांत आडवें ठेवून त्यावर गोवऱ्या रचीत आणि पेटवून देत. पांच फूट उंचीच्या चाकाचा घेर पावणेसोळा फुटांच्या आसपास; लोखंड सहा-सातशें अंशांनीं तापलें म्हणजे तेवढ्या लांबीला दीडेक इंच वाढ मिळते. लाल कडें तीन-चार जणांनीं सांडशांनीं उचलून चाकावर बसवावयाचें, लांकूड पेटूं लागलें कीं घागरीमागून घागर ओतावयाची. आंखडणारें लोखंड आरे तुंब्यांत असे आवळून धरी कीं करकर आवाज होई. उष्णतेनें धातू प्रसरण पावतात, हें वाक्य शाळेंत गुरुजींनीं फळ्यावर लिहिलें तेव्हां माझ्या कानांत ती करकर वाजली.

असें सगळें आठवत असतांहि मीं पाटीसाठीं पहिला जो मजकूर लिहिला त्याची आरंभींची ओळ मुलूखमैदान तोफेविषयीं होती, हें सांगावयास आज शरम वाटते. ही प्रचंड तोफ १५४९ सालीं नगरास ओतली गेली आणि आज ती विजापुरास आहे. तेव्हां, मीं लिहिलें, नगरच्या भूमीला धातुविद्येची थोर परंपरा असून प्रस्तुत लोहारशाळा ही तिचाच एक दुवा होय. दोन दिवसांनीं तो कागद पुन्हां वाचला आणि फाडून टाकला. तोफ पंचरशी धातूची, लोहारबाबांची विद्या लोखंडाची. तोफ एका रूमी कारागिराची, सुलतानासाठीं केलेली. आणि लोहारबाबांनीं आयुष्यांत खुरपें, विळा, फाळ, कुदळ, पहार, मोटेची कडी आणि आमच्या आजीचें उलथणें यांपलीकडे कांहीं केल्याचें कोणालाहि ठाऊक नाहीं. तोफेला नांव असतें, फाळाला नसतें. म्हणून फाळाच्या पाटीवर तोफेचें नांव घालण्याची आपल्याला बुद्धि होते.

दुसरा मजकूर मीं अधिक सावधपणें लिहिला. "येथें बारा बलुतेदारांचा गांवगाडा गुण्यागोविंदानें चालत असे", अशी त्याची सुरुवात होती. 'गुण्यागोविंदानें' या शब्दावर माझी लेखणी थांबली ती थांबलीच.

१९८१ सालचा फाल्गुन असावा. मी अकरा वर्षांचा होतों. आमच्या खळ्यावर ज्वारीची रास पडली होती आणि आजोबा बाजेवर बसून माप घालवीत होते. लोहारबाबा घोंगडें घेऊन आले आणि रिवाजाप्रमाणें राशीपासून थोडे दूर उभे राहिले. त्या वर्षीं आमची नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरनें झाली होती. आजोबा म्हणाले, "फाळ शेवटायला आला नाहीं, विळे नगरच्या बाजारांतून आणले. आतां वर्षाचें बलुतें कशापायीं?" दरसाल जें धान्य जाई त्याचा चौथा हिस्साहि त्या दिवशीं घोंगड्यांत पडला नाहीं. लोहारबाबांनीं घोंगड्याची गांठ बांधली आणि "बरं, मालक" एवढें म्हणून ते निघून गेले. आजोबा दुष्ट नव्हते. हिशेबी होते, आणि त्यांचा हिशेब त्यांच्या दृष्टीनें बरोबर होता. पण दुसऱ्याच दिवशीं आजीनें वांकलेलें खुरपें माझ्या हातीं देऊन मला लोहारशाळेंत धाडलें. मीं भाता ओढला. कोणी कांहीं बोललें नाहीं. 'हळू' असेंहि कोणी म्हटलें नाहीं. आणि त्या खुरप्याला लोहारबाबांनीं नेहमींइतक्याच काळजीनें, तितकेंच टक लावून, पाणी दिलें. चाळीस वर्षांवर होऊन गेलीं, पण त्या 'चर्र' आवाजाची आठवण आली कीं मला अजून मान खालीं घालावीशी वाटते.

बलुत्याचा विषय निघाला कीं आपल्याकडे दोनच सूर ऐकूं येतात. एकाला तें रामराज्य वाटतें, दुसऱ्याला निखळ वेठ. त्रिंबक नारायण आत्रे यांचें 'गांव-गाडा' हें पुस्तक १९१५ सालचें. कारूनारूंचा भार कुणब्याला झेपेनासा झाला आहे असा त्यांत एकंदर रोख आहे. लोहाराच्या बाजूनें कोणीं त्या वेळीं तसेंच पुस्तक लिहिलें असतें, तर त्यांतला रोख काय असता याची कल्पना करावी. गांवाला उपयोगी सेवेबद्दल दिलेलीं इनामें १९५३ च्या कायद्यानें रद्द झालीं. परंतु बलुतें कांहीं कायद्यानें आलें नव्हतें, म्हणून तें कायद्यानें एकदम गेलेंहि नाहीं. तें एकेका खळ्यावर, एकेका हिशेबी आजोबांच्या हातून, थोडें थोडें करून गेलें. त्याचा आरंभ तर फार पूर्वींचा. विसाव्या शतकाच्या आरंभीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडाच्या विषानें जमीन नासेल या भीतीनें शेतकरी तो घेईनात, आणि पहिला नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं असें सांगतात. जमीन नासली नाहीं. नासला असला तर तो लोहाराचा आणि सुताराचा धंदा, आणि त्याची भीति मात्र कोणीं बोलून दाखविली नव्हती.

लोखंडांत विष आहे ही समजूत केवळ आमच्याच शेतकऱ्याची नव्हे. माझ्या कॉलेजच्या ग्रंथालयांत कर्बीनें १९०७ सालीं केलेलें 'कालेवाला' या फिनलंडच्या महाकाव्याचें इंग्रजी भाषांतर आहे. एलियास ल्योनरोट या वैद्यानें खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या गीतांतून १८३५ सालीं हें काव्य सिद्ध केलें आणि १८४९ सालीं वाढवून पुन्हां प्रसिद्ध केलें. त्याचा एक नायक लोहार आहे, इल्मारिनेन. आपल्या महाकाव्यांत लोहाराला अशी जागा नाहीं, हें सहज मनांत येतें. त्यांतली एक कथा मला या चार महिन्यांत वारंवार आठवली. वृद्ध गायक वैनामोइनेन याच्या गुडघ्याला कुऱ्हाडीची जखम होते आणि रक्त थांबत नाहीं. तें थांबविण्याचा मंत्र एकच: लोखंडाचा जन्म कसा झाला तें म्हणून दाखविणें. लोखंड आरंभीं निष्पाप होतें, दलदलींत दडून बसलें होतें. लोहारानें त्याला पाणी देण्यासाठीं मधमाशीकडून मध मागविला, पण मधाऐवजीं गांधीलमाशीनें पाण्यांत विष आणून टाकलें, आणि तेव्हांपासून लोखंड माणसाला कापूं लागलें. जखम बरी व्हावयाची तर ज्यानें ती केली त्याची जन्मकथा ठाऊक पाहिजे, खोटी सजविलेली नव्हे तर विषासकट सगळी, ही कल्पना मला फार खोल वाटते.

त्या देशांत जुन्या लोहारशाळा मोठ्या ममतेनें जपल्या आहेत. हेलसिंकीजवळ सेउरासारी बेटावर १९०९ सालापासून जुन्या खेडवळ इमारतींचें उघडें संग्रहालय आहे. फिस्कार्स हें तर १६४९ सालीं लोखंडाच्या कारखान्याभोंवतीं वसलेलें गांव. त्याच्या नांवाच्या नारिंगी मुठीच्या कात्र्या आपल्याकडच्या दुकानांतूनहि दिसतात. तिकडची जुनी लोहारशाळा लांकडी ओंडक्यांची, ठिणगीच्या भयानें घरांपासून दूर, बहुधा पाण्याच्या कडेला बांधलेली. भट्टी कमरेइतकी उंच, कारण तिकडचा लोहार उभा राहून काम करतो. हा शेवटचा तपशील पुढें माझ्या उपयोगीं पडला.

श्रावणांत मी गांवीं गेलों तेव्हां बांधकाम निम्म्याहून अधिक झालें होतें. मंडळींनीं हौसेनें वर्गणी जमविली होती आणि ठेकेदारानें तितक्याच हौसेनें खर्च केली होती. चारी भिंती छातीपेक्षां उंच, दोन्ही अंगांना मोठाल्या खिडक्या, वर रंगीत पत्रा, खालीं गुळगुळीत फरशी, आणि मधोमध विटांची, धुराड्यासकट, कमरेइतकी उंच भट्टी. ठेकेदारानें मोबाइलवर एक चित्र दाखविलें. तें कोठल्या तरी थंड देशांतल्या लोहारशाळेचें होतें. "एक नंबर दिसतंय ना?" त्यानें विचारलें. दिसत होतें खरें.

लोहारबाबांचे चिरंजीव तेथें होते. गांव त्यांना तात्या म्हणतें. वय पंचाहत्तर. पिंपरीच्या एका कारखान्यांत आयुष्य काढून, निवृत्त होऊन परत आलेले. त्यांना कोणीं सल्ला विचारला नव्हता. उद्घाटनाला फेटा बांधून बसावयाचें एवढेंच सांगितलें होतें. ते खिडकीजवळ उभे राहिले, उंच भट्टीकडे पाहिलें, आणि ठेकेदाराला मृदु आवाजांत म्हणाले, "बाबा, इथं लोखंड दिसायचं न्हाई."

"इतका उजेड आहे तर!"

"म्हणूनच न्हाई दिसायचं. आन् ह्या भट्टीला आमचा बाप उभा ऱ्हाऊन काय करील? त्यो बसायचा."

मला वर्गांत सांगतात तसें सगळें समजावून सांगावयाची उबळ आली होती, पण तात्यांच्या दोन वाक्यांत सर्व आलें होतें. एक पत्रा आणि एक फरशी यांचा प्रश्न नव्हता. जुनी वास्तु पुन्हां उभारावयाची म्हणजे तिच्या भिंतींची नक्कल करावयाची नसते. तिच्यांत जें शरीर राबत होतें त्याचें माप घ्यावयाचें असतें. तें बसत होतें कीं उभें होतें, त्याचा हात कोठवर पोंचत होता, त्याच्या डोळ्याला किती अंधार हवा होता. तें शरीर विसरून बांधलेली लोहारशाळा म्हणजे चहाचें दुकान.

तात्यांचा मुलगा औद्योगिक वसाहतींत नोकरीला आहे. संध्याकाळीं पाळी संपवून तो आला आणि आमच्या चर्चेंत प्रथमच कडू बोलला. "सर, राग मानूं नका. पण याचं देऊळ कशाला करतां? आजोबांच्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते. आजीला शेवटीं डोळ्यांनीं दिसत नव्हतं. धूर नि धग. ज्यांनीं पाहिलं त्यांना वारसा वाटतो, ज्यांनीं ओढलं त्यांना विचारा."

यावर मजजवळ उत्तर नव्हतें. मग, कां कोण जाणे, त्या बापलेकांसमोर मीं खळ्यावरची ती हकीकत सांगून टाकली. घोंगडें, माप, दुसऱ्या दिवशींचें खुरपें, सगळें. मला वाटतें, आपण क्षमा मागत आहोंत अशी माझी समजूत होती. आणि क्षमा मागणाऱ्या माणसाच्या मनांत समोरच्यानें 'जाऊं द्या' म्हणावें अशी जी लपलेली अपेक्षा असते, तीहि होती.

तात्या 'जाऊं द्या' म्हणाले नाहींत. "ठावं हाय मला," ते म्हणाले. "त्या साली तुमचं एकल्याचं न्हाई, सात-आठ घरांचं तसंच झालं. आईनं मला म्हटलं, आता हितं ऱ्हाऊं नको. म्हणून म्या पिंपरीला गेलो. तितं पगार, पोराचं शिक्षण, सगळं झालं. वाईट केलं तुमच्या आजोबांनी, आन् बरं झालं आमचं. दोन्ही लिवा."

'दोन्ही लिवा.' चार महिने मी जें शोधीत होतों तें या दोन शब्दांत होतें, आणि तें माझ्या इंग्रजी आणि मराठी पुस्तकांनीं मला दिलें नव्हतें. मुलूखमैदान, गुण्यागोविंदानें, रामराज्य, वेठ, या सर्वांत कांहीं ना कांहीं गाळलेलें होतें. कालेवालांतला वैद्य सांगतो तेंच तात्या सांगत होते: जन्मकथा विषासकट सांगा, तरच रक्त थांबेल.

त्यानंतरचें काम सोपें झालें नाहीं, पण सरळ झालें. खिडक्या बुजविल्या. उंच भट्टी पाडून जमिनींत भट्टी खणली. ती कोठें आणि किती खोल, हें तात्यांनीं स्वतः मांडी घालून बसून, हात लांबवून ठरविलें. फरशी उखडून माती चोपली. पत्र्यावर निदान माती पसरून त्याचा चकचकाट झांकला. धाबें घालणारा कारागीर आतां मिळत नाहीं. मूळची ऐरण एका घरीं गुरांच्या खुंट्याजवळ सांपडली. भाता मात्र कातड्याचा मिळेना, तेव्हां तात्यांच्या मुलानेंच, तोंड वांकडें करीत, जुन्या मापाचा एक शिवून घेतला. पहिल्या दिवशीं भट्टी पेटली तेव्हां तात्यांनीं मोटारीच्या जुन्या पाट्याचा तुकडा तापविला, धार बुडविली, घासली आणि पाहत बसले. मुलगा शेजारीं उभा होता. "आमच्याकडे भट्टीवर आंकडे दिसतात," तो हळूच मला म्हणाला. मग पोलादावर पिवळा रंग सरकत आला तसा तो बोलावयाचा थांबला, आणि नकळत खालीं बसला.

लाँगफेलोची लोहारावरची कविता मी अनेक वर्षें शिकविली आहे. ती १८४० सालीं प्रसिद्ध झाली. ज्या चेस्टनटच्या झाडाखालीं तो लोहार काम करी तें झाड १८७६ सालीं तोडलें गेलें, आणि त्याच्या लांकडाची खुर्ची करून केंब्रिजच्या मुलांनीं १८७९ सालीं कवीला त्याच्या वाढदिवशीं भेट दिली. ही गोड गोष्ट म्हणून मी वर्गांत सांगत असें. आतां तीच सांगतांना मी जरा अडखळतों. झाड लोहाराचें, खुर्ची कवीला. लोहारशाळेच्या उद्घाटनपत्रिकेवर माझें नांव ठळक अक्षरांत आणि त्यापुढें 'शाल व श्रीफळ देऊन सत्कार' असें वाचलें तेव्हां मला ती खुर्ची आठवली.

पाटीचा मजकूर शेवटीं तात्यांनीं सांगितला आणि मीं तो फक्त उतरून घेतला. त्यांत तोफ नाहीं, परंपरा नाहीं, वारसा हा शब्दहि नाहीं. या जागीं अमक्यानें इतकीं वर्षें लोखंड तापविलें, आणि अमकीनें तितकींच वर्षें भाता ओढला. गांवानें त्यांना धान्य दिलें, आणि कांहीं वर्षीं दिलें नाहीं. त्यांचीं मुलें बाहेर गेलीं आणि सुखी झालीं. एवढेंच. 'कांहीं वर्षीं दिलें नाहीं' या शब्दांवर मंडळींत थोडी कुरबूर झाली. पाहुणे वाचतील, गांवाची शोभा होईल, असें एकजण म्हणाले. तेव्हां मीं सांगितलें कीं त्या शब्दांत पहिलें घर आमचें आहे, आणि मला तें चालतें. मग कोणी कांहीं बोललें नाहीं.

लोहारआजीचें नांव गांवांत कोणालाच आठवत नव्हतें. आम्ही सगळे तिला लोहारआजी म्हणत आलों, आणि कागदोपत्रीं ती अमक्याची बायको होती. तात्यांनीं तें सांगितलें तेव्हां तेथें असलेल्या आठ-दहा जणांनीं तें पहिल्यानेंच ऐकलें. मी तें येथें देत नाहीं. तें पाटीवर आहे, तिच्या नवऱ्याच्या नांवाइतक्याच मोठ्या अक्षरांत.

खंडेनवमीला ऐरणीची पूजा झाली. शाल माझ्या खांद्यावर पडली, ती चुकविणें शक्य नव्हतें. श्रीफळ मात्र माझ्या हातांत येण्यापूर्वींच तात्यांनीं तबकांतून उचललें, "हे हितलं हाय" असें म्हणून ऐरणीवर एका फटक्यांत फोडलें, आणि जमलेल्या मुलांना खोबरें वांटून दिलें. मलाहि एक तुकडा मिळाला. मग त्यांनीं भात्याची दोरी माझ्यापुढें धरली. मी ओढूं लागलों, आणि वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं सुद्धां उत्साहाच्या भरांत जरा भराभरच ओढूं लागलों असेन.

"हळू," तात्या म्हणाले.